सतरा ते चोवीस नंबरचे लूम

आमच्या कॉलेजात प्रयोगाचं उत्तर आधी ठरलेलं असायचं आणि रीडिंग मागाहून यायची. लंबकाचा प्रयोग असो की तारेच्या रोधाचा, मागच्या वर्षीची कुणाची तरी जर्नल टेबलाखालून फिरायची, आणि तिच्यातले आकडे शेवटच्या घरात एक-दोनने इकडेतिकडे होऊन चाळीस जणांच्या वह्यांत उतरायचे. पहिल्या वर्षी मी खरोखर लंबक हलवला, खरोखर वीस-वीस झोके मोजले, आणि गुरुत्वाकर्षणाचं मूल्य नऊशे एक्केचाळीस आणलं. सरांनी वही न बघताच परत सरकवली. दुसऱ्या दिवशी मीही सगळ्यांसारखं नऊशे अठ्ठ्याहत्तर आणलं आणि सही मिळाली. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी मी. वर्गात गुजराती, पुस्तकात इंग्रजी, घरी अहिराणी. एकच शब्द तीनदा शिकायचा, त्यात भांडायला जीव कुठून आणणार? आज मी स्वतः मुलींच्या जर्नलवर सह्या करते. टेबलाखालून वही फिरताना दिसली की मी ओरडत नाही. का ओरडत नाही, ते या प्रकरणात सांगायचं आहे. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही राहायचो सुरतेच्या बमरोलीत, एका लांब चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. मागच्या भिंतीला लागूनच लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड. जेवताना, झोपताना, अभ्यास करताना भिंतीतून खटाखट यायची आणि मांडणीवरची ताटं बारीक थरथरायची. वीज गेली की त्या शांततेनेच माणसं दचकून बाहेर यायची. आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच वस्तीतल्या एका चोवीस लूमच्या कारखान्यात मास्टर होते. लूम बिघडला की तो दुरुस्त करणं, पट्टे ताणणं, पुल्या बसवणं हे त्यांचं काम. बारा-बारा तास त्या आवाजात काढून त्यांचे कान तेव्हाच निम्मे गेले होते. माय घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायची. पर्वत पाटिया भागातल्या व्यापाऱ्याकडून गठ्ठे यायचे, आणि आमच्या भाकरीतसुद्धा एखादा जरीचा तुकडा निघायचा. कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर कच्चं तेल, हे रोजचं. शनिवारी शेवभाजी. ती इतकी तिखट, की आप्पांच्या कपाळावर घाम यायचा आणि ते म्हणायचे, "आते वाटनं गावले जेवनू."

आमच्यापासून दोन खोल्या सोडून भिलाकाका आणि जिजाकाकू राहायचे. नातं रक्ताचं नव्हतं, पण गाव एक, शिंदखेड्याकडचं. आप्पा पहिल्यांदा सुरतेला आले तेव्हा भिलाकाकांनीच त्यांना आपल्या खोलीत जागा दिली, लूमवर उभं केलं, तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायची ते शिकवलं. पुढे आप्पा मास्टर झाले, भिलाकाका कारीगरच राहिले. त्याच कारखान्यात, शेवटच्या रांगेतले आठ लूम ते एकटे सांभाळायचे. दर उन्हाळ्यात माय आणि जिजाकाकू गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घालायच्या. मी राखण करत पुस्तक वाचत बसायची, आणि भिलाकाका दमून आले की ओला बिबडा वाटीत घेऊन तेलाबरोबर खायचे. मी तिसऱ्या वर्षाला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांच्या हातातली वाटी थरथरताना मी पाहिली होती. चहाची बशी तर ते दोन्ही हातांनी धरायचे. पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. जे मोजायला सांगितलेलं नसे त्याच्याकडे लक्ष द्यायची मला सवय नव्हती.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असायचा, आणि तो आमच्याकडे हेमांगिनी मॅडम घ्यायच्या. बारीक चणीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या पेन्सिली आणि खोडरबर टेबलावर काढून घेतले. रीडिंग पेनानेच लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे. "जे देखाय, ते ज लखवानुं," त्या म्हणाल्या. दिसेल तेच लिहायचं. मुलांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले. मला मात्र दोन वर्षं कोंडलेला श्वास सुटल्यासारखं झालं. एक्केचाळीस आलं तर एक्केचाळीस लिहा, आणि का आलं ते शोधा, असं म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

प्रोजेक्टसाठी मी स्ट्रोबोस्कोप बनवायचा ठरवला. नाव मोठं, पण वस्तू साधी. ठरावीक वेगाने उघडझाप करणारा दिवा. फिरणाऱ्या चाकावर खडूची एक रेघ ओढायची आणि दिव्याचा वेग कमीजास्त करत जायचं. चाकाची एक फेरी आणि दिव्याची एक उघडझाप जुळली, की रेघ जागच्या जागी उभी दिसते. चाकाला हात न लावता त्याचा वेग कळतो. स्टेशनजवळच्या बाजारातून एक टायमरची चिप आणि पांढरे एलईडी आणले, मायच्या जरीच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून त्यात बसवले. लॅबमधल्या मोटरवर पहिल्यांदा रेघ थांबली तेव्हा मी ओरडलेच. वेग आला सेकंदाला बारा फेऱ्या. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी बटण फिरवून दिव्याचा वेग दुप्पट केला. तरी रेघ एकच! अजून दुप्पट केला, तेव्हा दोन रेघा दिसल्या. "आता सांग, खरा वेग किती?" मी बटण पुन्हा बारावर आणलं. बारावर दिवा एक फेरी सोडून एक फेरी बघत होता. रेघ एकच दिसेल असा सगळ्यात मोठा वेग, तोच खरा. चोवीस. वहीतल्या बारावर मी पेनाने एक रेघ मारली आणि शेजारी चोवीस लिहिलं. ते पान अजून माझ्याकडे आहे. खरं शिक्षण झालं असं वाटणारं ते पहिलं पान.

यंत्र झालं, आता त्याने मोजायचं काय? मॅडमनीच सुचवलं, तुझ्या वडिलांच्या कारखान्यात लूम आहेत, मोटर आणि लूम यांच्यामधला पट्टा किती घसरतो ते मोज. आप्पांनी शेठकडे शब्द टाकला. शेठ तिशीचा, शिकलेला, बोलायला गोड. म्हणाला, "करो ने बेन, पण रिपोर्टनी एक कोपी मने आपजो." स्वतःहून कॉपी मागितली म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं.

दुपारी कॉलेज सुटलं की मी शटल रिक्षाने बमरोलीला यायची आणि थेट शेडमध्ये जायची. पुल्या झाकणाखाली असायच्या, म्हणून आप्पा लूम क्षणभर थांबवून मोटरच्या दांड्याच्या बाहेरच्या टोकावर आणि लूमच्या चाकावर खडूने रेघ ओढायचे, पुन्हा चालू करायचे, आणि मी दिवा रोखायची. आजूबाजूचे कारीगर काम टाकून बघायला यायचे. धडधडणाऱ्या यंत्रावर चाक गपगार उभं! चारचौघांत आप्पांचा हात माझ्या डोक्यावरून एकदा फिरून जायचा. सोळा लूम असे झाले. सतराव्याकडे वळले, तर आप्पांनी हात आडवा घातला.

"सतरा ते चोवीस ऱ्हाऊ दे."

"का?"

"जुना शेत त्या. त्यासनं काही खरं नही."

"जुने असले तर उलट मोजायलाच हवेत, आप्पा."

"सोळा झाले नी? बस झाले. तुन्ही मॅडमले काय चोवीसच लागतस का?"

हे सगळं अर्थात ओरडून, कानाशी तोंड नेऊन. मी हसले. मला वाटलं, आप्पा दमलेत. मॅडमना तक्ता दाखवला, तर त्यांनी विचारलं, चोवीसपैकी आठ का नाहीत? मोजले नसतील तर मोजले नाहीत असं लिही, आणि कारण लिही. माझ्याकडे लिहायला कारण नव्हतं. आप्पांना पुन्हा विचारता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण मला वाटत होतं की सोळा लूमचा तक्ता म्हणजे पुन्हा ती टेबलाखालची वही, अर्धं खोटं. आणि खरं सांगायचं तर, त्या आठ लूममध्ये काहीतरी निराळं असावं, ते मला हवं होतं. आप्पा एक दिवस लूमचा दांडा लेथवर कातून आणायला भेस्तानला गेले. त्या दुपारी मी शेडमध्ये गेले.

भिलाकाकांना मी सांगितलं, काका, तुमचे लूम राहिलेत. ते हरखले. आप्पा नव्हते म्हणून त्यांनीच एकेक लूम थांबवला, त्यांनीच रेघा ओढल्या. हात थरथरत असल्यामुळे रेघ नागमोडी यायची आणि ते ओशाळं हसायचे. खिडकीतून उजेड येत होता, तर डोक्याचं उपरणं सोडून त्यांनी चाकावर सावली धरली. रेघ थांबली तसे ते वाकून बघत राहिले. "हाई चाक ते थांबी गयं वं पोरी! आनि कापड चालूच शे!" असं म्हणून त्यांनी शेजारच्या कारीगराला हाताने खूण करून बोलावलं. आठही लूम होईपर्यंत ते उपरणं धरून उभे होते. मधे दोनदा धागा तुटला, तेव्हा गाठ मारून परत आले. गाठीला त्यांना किती वेळ लागत होता, ते मी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून हिशेब मांडला. आठही लूम बाकीच्यांपेक्षा हळू चालत होते, आणि सगळे जवळजवळ सारखेच हळू. मोटरी मात्र तितक्याच वेगाने फिरत होत्या. म्हणजे पट्टा घसरतोय? पण पट्टा घसरत असता तर वेग कमीजास्त होऊन रेघ सरकत राहिली असती, आणि आठ पट्टे सारखेच कसे घसरतील? रेघ तर ठाम उभी होती. मग एकच शक्यता उरत होती. त्या मोटरींवरच्या पुल्याच आकाराने लहान असल्या पाहिजेत. पुलीला हात न लावता, झाकण न उघडता, निव्वळ एका खडूच्या रेघेवरून मी हे ओळखलं होतं. ती माझ्या सबंध विद्यार्थी आयुष्यातली सगळ्यात आनंदाची दुपार होती, हे मला इथे लिहावंच लागेल. रिपोर्टच्या शेवटी मी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं की क्रमांक सतरा ते चोवीस यांचा वेग कमी असण्याचं कारण पट्ट्याची घसरण नसून पुलीचा व्यास हे असावं, झाकण उघडून खात्री करावी. मॅडमनी त्या वाक्याखाली लाल शाईने 'उत्तम' लिहिलं.

आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. छापून, बांधून आणल्यावर त्यांच्या हातात द्यायचं असं मी ठरवलं होतं. पण कॉलेजवरून येताना वाटेत आधी कारखान्याचं ऑफिस लागायचं, म्हणून शेठची कॉपी त्याला देऊन टाकावी असा विचार केला. तो समोरच वाचायला बसला. शेवटचं पान वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला, माझ्याकडे बघून म्हणाला, "बहु सरस काम कर्युं छे, बेन," आणि रिपोर्ट घेऊन शेडमध्ये गेला. मी मागोमाग गेले. मला वाटलं, त्याला रेघ थांबलेली बघायची असेल. डबा मी पिशवीतून काढूनसुद्धा ठेवला होता.

त्याने सोळा आणि सतरा नंबरचे लूम थांबवायला लावले. आप्पांना बोलावून दोन्ही झाकणं, मग दोन्ही पुल्या काढायला सांगितल्या. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, आणि पाना उचलला. टेबलावर दोन पुल्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर फरक लहान मुलालाही दिसला असता.

"मास्टर, आ कोणे बदल्युं?"

"मैंने," आप्पा म्हणाले.

"किसके कहने पे?"

आप्पा पाना पुसू लागले. बंद लूमपाशी उभे असलेले भिलाकाका पुढे आले. "मेरे लिए किया, सेठ. मेरा हाथ नहीं चलता अब. धागा टूटता तो पकड़ नहीं पाता था."

तेव्हा मला कळलं. वाटीची थरथर, नागमोडी रेघ, आप्पांचा आडवा हात, सगळं एकदम. लूम हळू चालला की धागा कमी तुटतो. म्हातारा माणूस आठ लूम सांभाळू शकतो. कापड कमी निघतं, मजुरी कमी मिळते, पण काम राहतं. आप्पांनी ते गुपचूप केलं होतं. आणि शेडमधल्या कारीगरांना ते ठाऊक असणारच. तिथे ठाऊक नव्हतं ते फक्त शेठला आणि मला.

शेठ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. भिलाकाकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तमे थाकी गया छो. हवे गाम जईने आराम करो." तुम्ही थकलात, आता गावी जाऊन आराम करा. इतक्या मऊ आवाजात मी कुणाला कामावरून काढताना पुन्हा ऐकलं नाही. आप्पांना त्याने ठेवलं. असा मास्टर सहज मिळत नाही, हे त्याला माहीत होतं. फक्त दिवस मावळायच्या आत आठही पुल्या बदलायला सांगितल्या.

मी तिथून पळून जायला हवं होतं. गेले नाही. आप्पा सतराव्या लूमपाशी उकिडवे बसले आणि मागे न बघता हात पुढे करून म्हणाले, "पाना दे." मी पाना दिला. मग अठरावा. मग एकोणिसावा. आठही लूमचे पाने, नट, वॉशर मी त्यांच्या हातात देत गेले. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही. भिलाकाका भिंतीला टेकून बसले होते. एकेक लूम पुन्हा चालू व्हायचा, तसा शेडचा आवाज चढत गेला. कानांनी ओळखण्याइतका.

महिन्याभरात भिलाकाका आणि जिजाकाकूंनी खोली सोडली. जायच्या आदल्या दिवशी जिजाकाकू मायला भेटायला आल्या. मी स्टोव्हपाशी होते. त्यांनी चहा घेतला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "तुन्ही पोर हुशार शे बाई. आम्हीच अनाडी." एवढंच. भिलाकाका आलेच नाहीत. त्या उन्हाळ्यात मायने बिबडे घातले नाहीत, पुढेही कधी नाहीत. विचारलं तर म्हणायची, एकटीनं व्हस नही. दोन वर्षांनी गावाकडून निरोप आला की भिलाकाका गेले. आप्पा एकटेच गावी जाऊन आले. निघताना मी पिशवी भरत होते, तर माझे कपडे काढून त्यांनी खाटेवर ठेवले.

त्याआधी, मी तिसऱ्या वर्षाला असतानाच, कॉलेजच्या प्रदर्शनात माझ्या प्रोजेक्टला पहिला नंबर मिळाला. पाहुण्यांच्या रांगेत शेठ होता. त्याने टाळ्या वाजवल्या, आणि कॉलेजातल्या ज्ञानाचा उद्योगाला असा उपयोग व्हायला पाहिजे, असं माइकवर बोलला. सगळं झाल्यावर मी मॅडमना गाठलं आणि घडलं ते सांगितलं. मला वाटत होतं, ज्यांनी मला दिसेल ते लिहायला शिकवलं, त्या आता पुढचंही काही सांगतील. त्या बराच वेळ टेबलावरची वायर गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "रीडिंग तो बरोबर हतुं ने?" मी हो म्हटलं. "तो पछी," म्हणजे मग झालं तर, एवढंच बोलून त्या कपाटाकडे वळल्या. त्यांच्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. त्या चुकीचं बोलल्या असत्या तर तो गेला असता.

कुणाला वाटेल, मग मी भौतिकशास्त्र सोडलं असेल. सोडलं नाही. एम.एस्सी. केलं, नोकरी लागली, त्याच विषयाने घर चाललं. आप्पा आणि मी बोलायचोही. दूध आणलं का, डॉक्टरची चिठ्ठी कुठे आहे, असं. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. माय गेल्यावर ते माझ्याकडेच राहायला आले. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. यंत्र कानात घालत नाहीत, म्हणतात, त्यात नुसती खरखर येते. समोरचा बोलतो तेव्हा ते त्याच्या ओठांकडे बघतात.

मागच्या दिवाळीत मी त्यांना कढी-फुणके करून वाढत होते. काय झालं कोण जाणे, विचारून बसले. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. दुसऱ्यांदा मला ओरडावं लागलं, शेजारच्या गॅलरीतल्या बाईने वळून बघण्याइतकं. "आप्पा, तेव्हा मला कारण का नाही सांगितलं? भिलाकाकांसाठी केलंय, एवढंच सांगायचं होतं!"

त्यांनी घास खाली ठेवला. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. म्हणजे तेही इतकी वर्षं तिथेच होते.

"सांगं असतं," ते म्हणाले, "आनि तरी बी तू लिखी टाकं असतं, ते मंग? मंग एक घरमा कसं ऱ्हातूत आपण?"

मी नसतं लिहिलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आप्पा माझ्या ओठांकडे बघत थांबले होते. ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी मान खाली घातली आणि भाकरी कढीत बुडवली.